शिकवणीतला आप्त

नववी-दहावीतल्या मुलाला भौतिकशास्त्र जमत नाही म्हणून खाजगी शिक्षक शोधायला निघालेले आईवडील एका फार जुन्या तात्त्विक पेचात सापडतात. ज्याला विषय येत नाही त्याने विषय येणारा माणूस ओळखायचा कसा? घरात कुणाला न्यूटनचा तिसरा नियम नीट उलगडून सांगता आला असता तर शिक्षक शोधायची वेळच आली नसती. आणि तो सांगता येत नाही म्हणूनच समोर बसलेले सर तो बरोबर सांगताहेत की घोटाळा करताहेत हे तपासायची सोय नाही. प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात हाच पेच एका तरुणाच्या निमित्ताने येतो. हिपोक्रॅटिस नावाचा हा मुलगा उजाडण्याआधीच सॉक्रेटिसचे दार ठोठावतो, कारण फी घेऊन शिकवणारा नामांकित सोफिस्ट प्रोटागोरस अथेन्सला आला आहे आणि पडेल ती किंमत देऊन त्याच्याकडे शिकायचे असे याने ठरवून टाकले आहे. सॉक्रेटिस त्याला विचारतो की तू नेमके काय विकत घ्यायला निघाला आहेस? खाण्यापिण्याचे जिन्नस वेगळ्या भांड्यात घालून घरी आणता येतात, तोंडात घालण्यापूर्वी एखाद्या जाणत्याला दाखवता येतात. विद्येला तशी वेगळी भांडी नसतात. किंमत मोजली की ती थेट मनात उतरते आणि बरावाईट जो परिणाम करायचा तो करून बसते.

आपल्याकडे या पेचातून सुटण्याची रूढ वाट म्हणजे निकाल पाहणे. चौकातल्या फ्लेक्सवर टॉपर मुलांचे फोटो असतात, सोसायटीतल्या कुणाच्या तरी मुलीला अमुक सरांकडे पंच्याण्णव पडलेले असतात, आणि तेवढ्यावर निर्णय होतो. हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. नाव झालेला क्लास बहुधा आधीच चांगले गुण असलेली मुले घेतो. त्या मुलांना कुठेही चांगलेच गुण पडले असते, आणि त्यांच्या यशातून शिकवणाऱ्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. सरकारी नियमांचाही इथे फारसा आधार नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, गुणांची किंवा रँकची हमी देऊ नये, शिकवणारा किमान पदवीधर असावा. पण या सूचना पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. स्वतःच्या हॉलमध्ये चार मुलांना घेऊन बसणारे सर किंवा घरी येऊन शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या कक्षेत येत नाहीत. तिथे सगळा भार पालकांच्या विवेकावर पडतो, आणि त्या विवेकाला ज्ञानशास्त्राची थोडी मदत मिळाली तर ती नको म्हणू नये.

ही मदत मला न्यायदर्शनात, आपल्याकडच्या जुन्या तर्कपरंपरेत, दिसते. दुसऱ्याच्या शब्दावरून आपल्याला खरे ज्ञान होऊ शकते का, हा न्यायदर्शनाचा मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर होकारार्थी आहे; मात्र बोलणारा ‘आप्त’ असला पाहिजे, ही अट. इथे नात्यागोत्याचा संबंध नाही. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन आप्ताची लक्षणे सांगताना तीन गोष्टी मागतो. त्याने सांगायची वस्तू स्वतः जाणलेली असावी. ती जशी आहे तशीच दुसऱ्याला कळावी अशी त्याची इच्छा असावी. आणि त्याच्या ठिकाणी दया असावी. वात्स्यायन आणखी एक फार मोकळे विधान करतो: हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू आहे. विश्वासार्हता जन्मावर किंवा पीठावर अवलंबून नाही, या तीन गोष्टींवर आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी माणूस शोधताना आपण गुरू शोधू नये, या अर्थाने आप्त शोधावा. आणि मुलाला आधार देणारा शिक्षक हवा असे पालक म्हणतात तेव्हा ते ज्ञानावर वरून शिंपडायची गोडी मागत नसतात, ज्ञान पोचण्याचीच एक अट मागत असतात. भले त्यांना ते तशा शब्दांत सांगता येत नसेल.

यातली तिसरी अट पहिल्यांदा वाचताना खटकते. एखाद्याचे सांगणे खरे की खोटे हे ठरवताना त्याच्या दयाळूपणाचा काय संबंध? निर्दय माणूसही ओहमचा नियम बरोबर सांगू शकतो. वात्स्यायनाचे उत्तर साधारण असे आहे: या जिवांना काय टाळावे, काय मिळवावे हे ठाऊक नाही, आणि उपदेशावाचून ते कळण्याचा दुसरा मार्गही त्यांच्यापाशी नाही, हे ज्याला जाणवते तोच आपल्याला दिसले ते दिसले तसे सांगायला प्रवृत्त होतो. म्हणजे दया हे बोलण्यामागचे कारण आहे. ज्याला समोरच्याच्या अज्ञानाची कणव नाही त्याच्या बोलण्यामागे दुसरे काहीतरी कारण असणार, आपली हुशारी दाखवणे असेल, पोर्शन संपवणे असेल, आणि ते कारण जिथे संपेल तिथे त्याचे सांगणेही थांबेल. मात्र भौतिकशास्त्राच्या बाबतीत हा मुद्दा वात्स्यायनाच्या कल्पनेपलीकडे जातो, कारण या विषयात मुलाचे मन कोरे नसते. ते भरलेले असते, आणि जे भरलेले आहे ते बाहेर आल्याखेरीज नवे आत जात नाही.

चेंडू सरळ वर फेकला, सर्वांत वरच्या बिंदूला त्याचा वेग शून्य आहे. तिथे त्याचे त्वरण किती? दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागाची सुरुवातच गुरुत्वाकर्षणाने होते, त्यामुळे हा प्रश्न त्या वयाच्या मुलाला अनोळखी नाही. तरी कितीतरी मुले ‘शून्य’ म्हणतात. अधिक खोदले तर कळते की वर जाताना चेंडूवर हाताचे बल अजून काम करत आहे, ते संपत संपत जाते आणि वरच्या टोकाला गुरुत्वाकर्षणाशी बरोबरी होते, असे त्यांच्या मनातले चित्र आहे. हे चित्र चुकीचे आहे, पण ते मूर्खपणाचे नाही. सहाव्या शतकात फिलोपोनसने आणि चौदाव्या शतकात पॅरिसच्या बुरिदानने जवळपास हेच मानले होते. आपल्याकडे कणादाच्या वैशेषिक दर्शनानेही बाणाच्या गतीचा विचार करताना पहिली हालचाल धनुष्याच्या नोदनाने आणि पुढची बाणात निर्माण झालेल्या ‘संस्कारा’ने होते असे सांगितले. ज्या मुलाला आपण ‘तुला साधं एवढं कळत नाही?’ म्हणून गप्प करतो ते मूल कणादाच्या पंगतीला बसलेले असते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठात हालून आणि हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये ही गोष्ट पद्धतशीर तपासली. १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवर तीसेक साधे पर्यायी प्रश्न असलेली चाचणी प्रसिद्ध केली. त्यांत आकडेमोड जवळजवळ नाही. अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावते, अशा धर्तीचे प्रश्न. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एरिक माझुर यांनी अशीच चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली. तिसरा नियम घडाघडा म्हणणारी, अवघड उदाहरणे सोडवणारी ही मुले ट्रकच्या प्रश्नाला अडखळली. एकीने तर विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? एवढ्या निवडक विद्यापीठातही मुलांच्या डोक्यात दोन भौतिकशास्त्रे शेजारी शेजारी राहत होती, एक पेपरासाठी आणि एक जगण्यासाठी, आणि दोघांची कधी गाठ पडली नव्हती. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये बासष्ट अभ्यासक्रमांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत, वाढीला जेवढी जागा होती तिच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी वाढ दिसली. मुलांना बोलते-विचारते करणाऱ्या वर्गांत ती त्या जागेच्या जवळपास निम्मी होती.

आता शिक्षकाच्या दयेचा ज्ञानाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. जगण्यासाठीचे भौतिकशास्त्र मूल कुणालाही दाखवत नाही. ते दाखवणे म्हणजे हसू करून घेण्याची जोखीम. साठ मुलांच्या वर्गात ही जोखीम कुणी घेत नाही, आणि ते शहाणपणाचेच आहे. चिडक्या शिक्षकासमोर मूल पेपरासाठीचे भौतिकशास्त्रच पुढे करते आणि शिक्षक त्यालाच विषय समजतो. दोघेही समाधानी, आणि ट्रक अजून मोटारीवर जास्त बल लावतोच आहे. खाजगी शिकवणीचा काही अर्थ असेल तर तो इथे आहे. एकास एक बसल्यामुळे मुलाला त्याचे खरे मत सुरक्षितपणे बोलता येते, आणि ते बोलले गेले की त्यावर काम करता येते. वरच्या टोकाला त्वरण शून्य म्हणणाऱ्या मुलाला ‘चूक, ९.८’ असे सांगणारा शिक्षक बरोबर बोलतो. ‘वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, मग पुढच्या क्षणी चेंडूने काय करायचं?’ असे विचारणारा शिक्षक अजून काहीच सांगत नाही, पण मुलाच्या मनातले चित्र त्याच्याच डोळ्यांदेखत डळमळते. माझ्या लेखी आधार देणे ते हे.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी शिकायला जातो, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत येतो आणि शिष्टपणा घेऊन येतो. बाप उद्दालक त्याला एकच प्रश्न विचारतो आणि लक्षात येते की बारा वर्षांच्या औपचारिक शिक्षणात मुख्य गोष्ट राहूनच गेली. मग सुरू होते ती खरोखरीची खाजगी शिकवणी. वडाचे फळ आण, फोड, बी फोड, काय दिसते? मीठ पाण्यात टाक, सकाळी ये, वरून चव घे, मधून घे, तळातून घे. उद्दालक सांगतो कमी आणि करायला फार लावतो. एकच निष्कर्ष तो नऊ वेळा नऊ वेगवेगळ्या वाटांनी गाठतो, कारण दर वेळी श्वेतकेतू म्हणतो की मला अजून समजावून सांगा. एकदाही बापाच्या तोंडून ‘मघाशी सांगितलं तेव्हा लक्ष कुठं होतं?’ असे निघत नाही. याच ओघात गांधार देशातल्या माणसाचा दृष्टांत येतो. डोळे बांधून त्याला निर्जन रानात सोडलेले आहे. कुणीतरी येऊन पट्टी सोडतो आणि गांधार त्या दिशेला आहे म्हणून सांगतो. तो त्या माणसाला खांद्यावर घेऊन गांधारला पोचवत नाही, आणि रानात एकट्याने धडपडू दे म्हणून निघूनही जात नाही. पुढे तो माणूस गावोगाव विचारत, स्वतःच्या बुद्धीने घरी पोचतो. आचार्य लाभलेल्यालाच कळते, हा निष्कर्ष उपनिषद या गोष्टीतून काढते. पण चालायचे काम सगळे चालणाऱ्याचेच राहते, हेही त्या गोष्टीत तितकेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी मृदूपणाची वकिली झाली. मुलाला सर आवडतात, तो हसत शिकवणीला जातो, एवढ्याने सर चांगले ठरतात का? अजिबात ठरत नाहीत, आणि याचा पुरावा पुन्हा भौतिकशास्त्राच्याच वर्गातून आला आहे. हार्वर्डमध्ये देलोरिये आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना ओघवती व्याख्याने ऐकवली आणि काहींना तोच भाग गटात झगडून सोडवायला लावला. झगडलेल्या मुलांना चाचणीत जास्त गुण पडले; पण आपण जास्त शिकलो असे व्याख्यान ऐकलेल्यांना वाटत होते. स्वच्छ समजावून सांगितलेले ऐकताना समजल्याचा भास होतो, आणि खरोखर समजताना आपण मागे पडलो आहोत असे वाटत राहते. तेव्हा ‘सर किती छान समजावतात’ ही मुलाची पावती सरांच्या बाजूने फारसे काही सिद्ध करत नाही. मिशेलिन ची यांच्या २००१ मधल्या अभ्यासात एकास एक शिकवणाऱ्यांना समजावून सांगण्याची मनाई केली होती. मुलांना बोलते करणारे प्रश्न तेवढे विचारायचे. विषय रक्ताभिसरणाचा होता. तरी मुले समजावून सांगितलेल्या मुलांइतकीच शिकली. कौतुकाचेही तसेच आहे. म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवले की ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले नंतर सोपी कामे निवडू लागली आणि अपयश आले की लवकर खचली. तेव्हा उद्दालकाची दया म्हणजे गोड बोलणे नाही. तोही मुलाला पंधरा दिवस अन्न सोडायला लावतो! (हे कुणी शिकवणीत करून पाहू नये.) दया म्हणजे मुलाच्या न कळण्यापाशी पुरेसा वेळ थांबण्याची तयारी, आणि ते न कळणे घाईने स्वतःच्या उत्तराने बुजवून न टाकण्याचा संयम. समर्थांनी ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात शिष्याकडून साधना करून न घेणाऱ्या गुरूंची किंमत अडक्याला तीन अशी लावली आहे, आणि त्या भावात मिळाले तरी सोडावेत असे बजावले आहे. उदाहरण स्वतःच फळ्यावर सोडवून दाखवणारे आणि मुलाला वहीत उतरवून घ्यायला लावणारे सर त्याच भावाचे.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. शिकायचे तर आधी श्रद्धा हवी, मुलाने प्रत्येक पायरीला शंका घेतली तर शिकवायचे कसे? आणि खरेही आहे की भौतिकशास्त्रातल्या फारच थोड्या गोष्टी मूल स्वतः तपासते. इलेक्ट्रॉनचा प्रभार कुणी घरी मोजत नाही. शब्दप्रमाण टाळता येत नाही, म्हणून तर आप्ताची गरज. पण गीतेनेही ज्ञानासाठी नमस्कार आणि सेवा यांच्या मध्ये परिप्रश्न ठेवला आहे, आणि न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार करून त्यांतला जो सत्यासाठी होतो तो वाद गुरू, शिष्य, सहाध्यायी यांच्याशी, मत्सर नसलेल्यांशी करावा असे सांगितले. शिष्याशी वाद घालणे गुरूला शोभते, एवढेच नव्हे तर अपेक्षित आहे. शिवाय भौतिकशास्त्राची एक खासियत आहे जी ब्रह्मविद्येच्या गुरूला लागू करणे अवघड जाईल: इथे शिक्षक आणि मूल दोघेही तिसऱ्या कशाच्या तरी समोर उभे असतात. चेंडू पडायचा तसाच पडतो, सरांना काही वाटो. ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीनने ३८९ च्या सुमारास स्वतःच्या मुलाशी, आदेओदातुसशी, झालेला संवाद म्हणून ‘शिक्षकाविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्यातला त्याचा एक टोला असा की शिक्षकाला काय वाटते हे शिकण्यासाठी कोणता बाप मुलाला शाळेत घालील? त्याच्या मते शब्द फक्त खुणावतात, आणि खरे-खोटे मूल आतल्या प्रकाशात पाहते. तो प्रकाश त्याच्यासाठी ख्रिस्त होता. भौतिकशास्त्रात त्या जागी लोलक, घसरगुंडी आणि बॅटरीचे सर्किट येते. तेव्हा आपल्या शब्दाला शेवटचे प्रमाण मानायला लावणारा शिक्षक मुलावर तर अन्याय करतोच, विषयालाही चुकीचे शिकवतो. खाजगी शिकवणीच्या शिक्षकाभोवती गुरुपौर्णिमेचे वलय उभे करणे मला याच कारणासाठी धोक्याचे वाटते. वलय आले की प्रश्न थांबतात.

तिसरा आक्षेप पैशाचा. दया विकत मिळते का? आपल्या परंपरेत याविषयीची अढी खोल आहे. मनुस्मृती उपजीविकेसाठी वेदाचा एखादा भाग शिकवणाऱ्याला ‘उपाध्याय’ म्हणते आणि दहा उपाध्यायांपेक्षा एक आचार्य थोर ठरवते; पगार घेऊन शिकवणारा आणि पगार देऊन शिकलेला, दोघांनाही श्राद्धाच्या पंगतीला बोलावू नये असे सांगते. हा नियम आज पाळायचा म्हटला तर पंगतीला बसायला किती जण उरतील कोण जाणे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचे भांडण लागते तेव्हा नुसत्या पोटासाठी विद्या बाळगणाऱ्याला ज्ञानाचा वाणी म्हटले आहे. प्लेटोही सोफिस्टांना नेमके हेच म्हणतो. तरी या अढीची दुसरी बाजू पाहावी. एकलव्याकडून द्रोणाने फी ठरवून घेतली नव्हती. काही न शिकवताही त्याने शेवटी अंगठा मागितला. ज्या ऋणाला आकडा नाही ते कधी काय मागेल सांगता येत नाही. महिन्याला ठरलेली फी हे ऋण महिन्यापुरते ठेवते आणि महिन्याच्या शेवटी मूल मोकळे होते. पैशाने वेळ विकत घेतला जातो. दया त्या वेळात असेल किंवा नसेल, जशी पगारी डॉक्टरच्या ठिकाणी असते किंवा नसते. प्रोटागोरसने फीची एक मजेशीर पद्धत सांगितली आहे: मागितलेली रक्कम पटत नसेल तर शिष्याने मंदिरात जाऊन, शपथेवर, शिकलेल्याची आपल्याला वाटते ती किंमत सांगावी आणि तेवढीच द्यावी. पद्धत उदार आहे, पण वर सांगितलेला हार्वर्डचा प्रयोग पाहता मंदिरातल्या शपथेतही शिष्याचा अंदाज चुकण्याचीच शक्यता बरीच.

परीक्षेचा आक्षेप थोडक्यात. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पुढे सीईटी, जेईई; श्वेतकेतूसारखे नऊ वेळा विचारायला वेळ कुणाला आहे? शेवटचे दोन महिने जुने पेपर घड्याळ लावून सोडवण्यातच जावेत, यात वाद नाही. ते काम बऱ्या शिस्तीचा कुणीही करून घेऊ शकतो आणि मूल एकटेही करू शकते. त्याआधीच्या महिन्यांचा प्रश्न वेगळा आहे. माझुर यांनी वर्गातला वेळ संकल्पनांवरच्या चर्चेकडे वळवला तेव्हा उदाहरणे सोडवण्यात त्यांचे विद्यार्थी मागे पडले नाहीत, उलट दोन्हींत सुधारले. जे मूल सूत्र कुठून आले हे जाणते त्याला प्रश्न थोडा फिरवून विचारला तरी घाम फुटत नाही, आणि प्रवेशपरीक्षा प्रश्न फिरवण्यासाठीच असतात.

मग निवड करायची कशी? वात्स्यायनाने एका वेगळ्या संदर्भात दिलेला युक्तिवाद इथे चपखल बसतो. वेदातल्या न दिसणाऱ्या फळांबद्दल विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला तो आयुर्वेदाकडे बोट दाखवतो: तिथे सांगितलेले करून पाहता येते, त्याचा गुण दिसतो, म्हणजे सांगणारे विश्वासार्ह होते, मग त्यांनी सांगितलेले जे करून पाहता येत नाही तेही मानायला हरकत नाही. वेदप्रामाण्याबाबत हा युक्तिवाद पुरेसा आहे की नाही यावर वाद घालता येईल. पालकाच्या पेचावर मात्र तो खरा तोडगा आहे. विषयातली अचूकता पालकाला तपासता येत नाही, पण आप्ताची बाकीची दोन लक्षणे बिनशास्त्राच्या डोळ्यांनाही दिसतात. पहिला तास चाचणीचा ठरवावा, घराच्या हॉलमध्ये, दार उघडे ठेवून, आणि शेजारच्या खोलीतून फक्त ऐकावे. जास्त कोण बोलते आहे? मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर लगेच बरोबर उत्तर येते की ‘असं का वाटलं?’ येते? सरांना न येणारा प्रश्न निघाला तर ते तो उडवून लावतात, की ‘बघून उद्या सांगतो’ म्हणतात आणि उद्या खरेच सांगतात? हे शेवटचे मला सर्वांत भरवशाचे वाटते, कारण न येणारी गोष्ट कबूल करणारा माणूस येणारी गोष्ट जशी आहे तशी सांगत असण्याचा संभव मोठा. मग महिनाभराने मुलाला विषयाबद्दल विचारावे, सरांबद्दल नव्हे. लिफ्ट खाली सुटताना हलके का वाटते, हे ते आजीला सांगू शकते का? ‘मालविकाग्निमित्रा’तही दोन आचार्यांची परीक्षा शेवटी त्यांच्या शिष्यांनी काय करून दाखवले यावरूनच घ्यायचे ठरते. आणि सहा महिन्यांनी शिकवणीचे दिवस कमी झाले पाहिजेत. आठवड्यातून तीनदा येणारे सर वर्षभर तीनदाच लागत असतील तर डोळ्यांवरची पट्टी सुटलेली नाही.

एक आक्षेप उरतो आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्यांच्यापाशी पैसा आहे त्यांनाच असा शिक्षक मिळणार. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवण्याचा फायदा प्रचंड असल्याचे मांडले. व्हॅनलेन यांच्या २०११ च्या आढाव्यात तो आकडा निम्म्याहून खाली आला, तरी फायदा मोठाच राहिला. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खाजगी शिकवणीवरच बंदी घातली. २००० साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली, आणि मधल्या वीस वर्षांत शिकवण्या चोरून चालूच होत्या. बंदीने हे सुटत नाही. पण वात्स्यायनाची दया भूतमात्रांविषयी आहे, फी भरणाऱ्यांविषयी नाही, आणि वर ज्याला आधार म्हटले त्यातल्या कितीतरी गोष्टींना तज्ज्ञ लागतच नाही. माझुर यांनी ट्रकच्या प्रश्नावर काढलेला उपाय म्हणजे वेगवेगळी उत्तरे दिलेल्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना पटवून द्यायचे. वादासाठी योग्य माणसांच्या न्यायसूत्रातल्या यादीत गुरू आहे, तसाच बरोबर शिकणाराही आहे. ज्या घराला सर परवडत नाहीत त्या घरातल्या मुलीने शाळा सुटल्यावर मैत्रिणीसोबत दहावीच्या पुस्तकातले एकच उदाहरण घ्यावे, दोघींनी आपापले उत्तर आधी लिहावे, आणि उत्तरे जुळली तरीही ‘का’ हे एकमेकींना सांगितल्याशिवाय पुढच्या उदाहरणाला जायचे नाही एवढा नियम करावा. जिथे दोघीही अडतील तो प्रश्न दुसऱ्या दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे न्यावा; साठ मुलांच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईंनाही नीट मांडलेल्या एका प्रश्नासाठी मधल्या सुट्टीतली पाच मिनिटे काढता येतात.